साडूभाऊंचं इंजिन

विमानाचं इंजिन बांधायला व्हॅसलीन लागतं ही माहिती मला साठी उलटल्यावर मिळाली, आणि तीही अमेरिकेत. खास विमानांसाठी बनवलेलं वगैरे नाही. थंडीत ओठ फुटले की लावतो तेच. ताईच्या न्हाणीघरातली डबी वारंवार नाहीशी व्हायला लागली, तेव्हा तिनं नवी आणली आणि तिच्यावर पेनानं ठळक लिहिलं, ‘माणसांसाठी’.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे नात्यानं माझे साडूभाऊ. ही मंडळी ओहायो राज्यातल्या डेटन गावी राहतात. साडूभाऊंनी आयुष्यभर एका कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि ज्या वयात आपल्याकडची माणसं पाण्याच्या टाकीवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात त्या वयात घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधायला बसले. दोन माणसांचं, ॲल्युमिनियमचं. त्याचा संच मिळतो. पत्रे कापून येतात, बरीच भोकं पाडून येतात, उरलेला जन्म रिव्हेट मारण्यात जातो. मोटार इतकी वर्षं बाहेर बर्फात उभी राहिली. ताई म्हणते, “विमान बांधून झालं त्या दिवशी मला आनंद झाला तो गॅरेज रिकामं झालं याचा.”

मी स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त झालो. फाइल सह्यांवर चालते, हे एवढंच तंत्रज्ञान मला अवगत आहे. कारकुनानं टिपणी लिहायची, खाली सही. अव्वल कारकुनानं ‘सादर’ म्हणायचं, सही. अधीक्षकांनी ‘मा. साहेबांच्या अवलोकनार्थ’, सही. साहेबांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारायचा आणि रजेवर जायचं. पुढे मागे पूल पडलाच, तर त्या पुलावर सह्या इतक्या जणांच्या असतात की पडलेला पूल कोणाचाच नसतो. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यावर माझं घर चाललं, मुलं शिकली.

म्हणूनच साडूभाऊंच्या विमानाच्या दारापाशी चांगल्या बोटभर उंच अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ असं लिहिलेलं पाहून मी चपापलो. आत शिरावं तर समोर आणखी एक पट्टी: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे सरकारी नियम ते पाळत नाही, याची प्रवाशानं नोंद घ्यावी. हे सरकारच लावायला लावतं! तिथला कायदा असा की विमानाचं निम्म्याहून जास्त काम स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असेल, तर सरकारी माणूस येऊन ते तपासतो, उडवायचा परवाना देतो, सुरुवातीचे काही तास एकट्यानं ठरावीक टापूत उडवून दाखवा म्हणतो. त्यानंतर वर्षातून एकदा विमान तपासायचं आणि वहीत सही करायची. सही कोणी करायची? ज्यानं बांधलं त्यालाच तसा दाखला मिळतो. म्हणजे करणारा तो, तपासणारा तो, पास करणारा तो, आणि नापास झालं तर वरून खाली येणाराही तोच.

आपल्याकडेही असे वेडे निघतात. कांदिवलीच्या चारकोपात अमोल यादव या वैमानिकानं राहत्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, आणि नोंदणीचा कागद त्यांच्या हातात पडायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. गच्चीवर विमान बांधणं मला कठीण वाटत नाही. फाइल कुठे अडकली असेल हे मात्र मी डोळे मिटून सांगू शकतो.

तर विमान झालं, आता इंजिन. शहाणी माणसं इथे लायकमिंगचं इंजिन घेतात. ते विमानासाठीच बनवलेलं असतं, दोनेक हजार तास चालल्यावर एकदा खोलायचं, आणि अमेरिकेतल्या कुठल्याही धावपट्टीवर त्याची नस ओळखणारा मेकॅनिक भेटतो. पैसे भरपूर पडतात, झोपही भरपूर लागते. साडूभाऊंनी भंगारात निघालेल्या माझदा आरएक्स-७ मोटारीचं इंजिन आणलं. “स्वस्तात पडलं,” असं ते सांगतात तेव्हा ताई भाजी चिरायची थांबते. कारण त्यानंतर त्याला गती कमी करणारा गिअरबॉक्स लागला, तेल थंड करायला मोठा कूलर लागला, पाणी थंड करायला रेडिएटर लागले, इग्निशन नवं लागलं. या इंजिनाची जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णता तेलातून बाहेर काढावी लागते, असं साडूभाऊ सांगतात. पैसा कुठून बाहेर काढावा लागला ते ताई सांगते.

या इंजिनाला पिस्टन नाही. व्हॉल्व नाहीत, कॅमशाफ्ट नाही. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याला रोटर म्हणायचं. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत असतात, त्यामुळे तीन वेगळ्या खोल्या तयार होतात आणि त्रिकोण फिरेल तशा त्या लहानमोठ्या होतात. पेट्रोल-हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर फेकणं, सगळं या फिरत्या खोल्यांतच उरकतं. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. साडूभाऊंच्या ‘१३-बी’ इंजिनात असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीचे. दर रोटरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे विमानवाल्यांना हवं असतं तसं दुहेरी इग्निशन आयतंच मिळालं. शाफ्टचे मिनिटाला सहा हजार फेरे झाले तरी हलत नाही, थरथरत नाही. फक्त पेट्रोल जरा जास्त पितं, तेलही जाळतं, आणि आवाज असा काढतं की विमान दिसायच्या आधी शेजारच्या तालुक्याला कळतं.

हे डोकं फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाचं. पदवी नाही. दृष्टी इतकी अधू की मोटार चालवायचा परवाना त्यानं जन्मात कधी काढला नाही. नाझींशी असलेलं त्याचं नातंही अभिमानानं सांगण्याजोगं नाही, पण यंत्राचं डोकं अफाट. एनएसयू कंपनीत १९५७ साली त्याचं पहिलं इंजिन चाललं. दहा वर्षांनी त्याच कंपनीनं ‘आरओ-८०’ नावाची देखणी मोटार काढली, तिला युरोपातल्या वर्षातल्या सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला, आणि गिऱ्हाइकं एकामागून एक इंजिन बदलून मागायला लागली. कारण त्रिकोणाच्या टोकांवर बसवलेल्या पट्ट्या, त्यांना एपेक्स सील म्हणतात, त्या टिकेनात. कंपनी शेवटी फोक्सवॅगनच्या पोटात गेली.

हेच दुखणं हिरोशिमाच्या माझदानंही विकत घेतलं होतं. केनइची यामामोटो आणि त्यांच्या हाताखालचे ४७ इंजिनिअर वर्षानुवर्षं त्या पट्ट्यांच्या मागे लागले. सील भिंतीवर थरथरत घासायचं आणि चकचकीत भिंतीवर आडवे ओरखडे उठायचे. त्यांनी त्याला नाव दिलं ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’. सील कशाचं करावं याचे इतके प्रयोग झाले की मजल गाई-घोड्यांच्या हाडांपर्यंत गेली. अखेर कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील टिकलं आणि १९६७ साली ‘कॉस्मो’ रस्त्यावर आली. पुढे याच घराण्यातल्या चार रोटरच्या इंजिनानं १९९१ ची ल मानची चोवीस तासांची शर्यत मारली. जगातल्या बाकीच्या कंपन्यांनी सोडून दिलेलं काम एकाच कंपनीनं इतकी वर्षं धरून ठेवावं, यात व्यवहार किती आणि हट्ट किती, कोण जाणे. मला तर हट्टच जास्त दिसतो.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांनाही रोटरी इंजिन असायचं, पण ते निराळं. त्यात शाफ्ट जागच्या जागी आणि सबंध इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं. त्याला वंगण म्हणून एरंडेल लागायचं, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. फिरता फिरता ते एरंडेल मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर उडायचं, आणि श्वासाबरोबर पोटात गेल्यावर एरंडेल जे करतं तेच करायचं. रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल पाजलेल्या आमच्या पिढीला त्या वीरांबद्दल आतून सहानुभूती वाटते. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक १९१७ साली फ्रान्सच्या आकाशात असंच सॉपविथ कॅमल उडवत होते, पगडीवर बसेल असं खास हेल्मेट घालून. पगडीचं एरंडेल कसं निघायचं याची मला काळजी वाटते.

साडूभाऊंच्या विमानाचा घात झाला तो एका रबरी नळीमुळे. वर चढताना पाण्याची नळी क्लिपमधून सुटली. पाणी गेलं, काटा चढला, कॉकपिटमध्ये गोडसर वास भरला. त्यांनी विमान वळवलं आणि परत आणून उतरवलं. इंजिन शेवटपर्यंत बंद पडलं नाही. यात या इंजिनाचा एक गुण आहे: रोटर लोखंडी आणि बाहेरचं घर ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे रोटर आवळला न जाता उलट सैल होतो. ताकद जाते, पण फिरणं थांबत नाही. “दुसरं एखादं इंजिन असतं तर सीज झालं असतं,” साडूभाऊ मोठ्या अभिमानानं म्हणाले. दुसरं एखादं इंजिन असतं तर त्याला ती नळीच नसती, कारण लायकमिंग हवेवर थंड होतं. पण साडू म्हणून माझी काही मर्यादा आहे.

आम्ही उभयता डेटनला पोचलो तोवर विमान हँगरमध्ये नाक उघडं करून उभं होतं. हँगर म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीशेजारी पत्र्याच्या खोल्यांची चाळ. इंजिन उतरवण्याआधी साडूभाऊंना मला ते ऐकवायचं होतं. इग्निशनची चावी खिशात टाकून त्यांनी मागच्या रोटरचा एक प्लग काढला आणि पंखा हातानं हळूहळू फिरवू लागले. “ऐका.” मी कान लावला. फुस्स! मग एक मरतुकडा फुस. मग आणखी एक मरतुकडा. परत फुस्स! “एकच खोली गेली असती तर बाजूचं सील म्हटलं असतं,” ते म्हणाले, “लागोपाठच्या दोन गेल्यात. म्हणजे त्या दोघींमधली भिंत गेली. एपेक्स सील.” न उघडता आतलं दुखणं नेमकं सांगणारे वैद्य आता राहिले नाहीत असं आपण म्हणतो. ते हँगरमध्ये असतात.

जगात कुठेही इंजिन खोला, माणसं जमतात. आपल्याकडे रस्त्यावर जमतात, तिथे कॉफीचे कप घेऊन हँगरमध्ये जमतात, एवढाच फरक. लायकमिंगवाले सांत्वनाला येऊन गेले. प्रत्येकानं जाता जाता आपलं इंजिन किती तास चाललं ते सांगितलं. एकानं ‘तरी मी तेव्हाच म्हणालो होतो’ याचं इंग्रजी म्हणून दाखवलं. शेजारच्या हँगरमधले एक म्हातारबाबा मात्र गप्प उभे राहिले आणि थोड्या वेळानं न सांगता घरून एक लांबलचक लोखंडी पाइप घेऊन आले.

पाइप का, ते इंजिन उतरवून स्टँडवर चढवलं आणि मागच्या नटाला हात घातला तेव्हा कळलं. शाफ्टच्या मागच्या टोकाला ५४ मिलिमीटरचा एकच नट असतो, तो तीनशेच्या आसपास फूट-पौंडांनी आवळलेला, शिवाय आत लाल लॉकटाइट. सॉकेट लावलं, हँडल लावलं, साडूभाऊ लोंबकळले. नट ढिम्म. टॉर्च पेटवून नट तापवला, लॉकटाइटचा जळका वास आला, परत लोंबकळले. ढिम्म. मग हँडलवर म्हातारबाबांचा पाइप चढवला. एका टोकाला साडूभाऊ, मधे बाबा, आणि स्टँड उलटू नये म्हणून पलीकडे वजन म्हणून मी. माझ्या शरीरयष्टीचा परदेशात असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. ‘टक्क’ असा एक आवाज झाला. तिघंही क्षणभर नटाकडे न बघता एकमेकांकडे बघत राहिलो, कारण तो आवाज नटाचा की कोणाच्या कमरेचा हे ठरायचं होतं. नटाचा निघाला.

त्यापुढचं खोलणं अगदी सोपं. हे इंजिन म्हणजे पाच खणी डबा: लोखंडी झाकण, ॲल्युमिनियमचं घर, मधली लोखंडी चकती, दुसरं घर, परत लोखंडी झाकण, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारे लांब बोल्ट. बोल्ट काढले की एकेक खण उचलायचा. मागचं घर उचललं आणि साडूभाऊंनी बॅटरी मारली. रोटरच्या एका टोकाच्या सीलचा नखभर टवका उडाला होता. सीलखालची स्प्रिंग उष्णतेनं जीव सोडून सपाट पडली होती. कडेचं रबरी पाणी-सील काही ठिकाणी करपून कडक झालं होतं. पाणी तिथून आत जात होतं, पांढरा धूर तिथून येत होता. टवका एक्झॉस्टच्या भोकातून बाहेर पडताना क्रोमच्या भिंतीवर सही करून गेला होता. आणि तिच्या अलीकडे बारीक, आडवे, सारख्या अंतरावरचे ओरखडे. सैतानाची नखं मी प्रत्यक्ष पाहिली. बोट फिरवलं तर जाणवतही नव्हती, तिरप्या प्रकाशातच दिसत होती. हिरोशिमाच्या माणसांची झोप एवढ्यानं उडावी हे आधी पटलं नसतं.

सुट्या भागांची यादी ऐकून मात्र माझ्या अंगात उत्साह संचारला. दर रोटरला तीन एपेक्स सील, सहा कोपऱ्याची सीलं, सहा बाजूची सीलं, तेलाच्या कड्या, आणि प्रत्येकाखाली आपापली स्प्रिंग. जे सील जिथून निघालं ते तिथेच परत बसलं पाहिजे. साडूभाऊंनी त्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या आणि त्यांवर घाईघाईनं काहीबाही खरडायला घेतलं होतं. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. त्यानंतर त्या हँगरमध्ये आवक-जावक नोंदवही सुरू झाली: अनुक्रमांक, रोटर पुढचा/मागचा, टोक क्रमांक, बाजू, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘बाद’, ‘वापरण्यायोग्य’, ‘साहेबांचा निर्णय प्रलंबित’. म्हातारबाबांनी ती वही उलटीसुलटी करून पाहिली, अक्षर अन् अक्षर देवनागरी, आणि अत्यंत आदरानं परत ठेवली.

रोटर चार-साडेचार किलोचा असतो आणि त्यावर काजळी चिकटलेली असते. ती कशी धुतली हे मी लिहिणार नव्हतो, पण ताईनं ते सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितलेलंच आहे. तिला दुपारी देवळात जायचं होतं, ती गेली. परत आली तेव्हा डिशवॉशर चालू होता आणि आतून येणारा आवाज बशांचा नव्हता.

मागचं घर बाद झालं, दुसरं आणावं लागलं. सीलं, स्प्रिंगा, रबरी कड्या शेवटी सगळ्या नव्याच घेतल्या. आणि मग सुरू झालं ते काम, ज्यासाठी माणूस हे इंजिन खोलतो असं मला आता वाटतं. बाजूची सीलं नवी येतात ती जराशी लांब. ती कानशीनं घासून कोपऱ्याच्या सीलाशी इतकी जुळवायची की मधली फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर राहिली पाहिजे. कमी राहिली तर तापल्यावर सील अडकणार, जास्त राहिली तर दाब गळणार. साडूभाऊ सील हातात घ्यायचे, कानशीवर एकदा हलकेच ओढायचे, खोबणीत बसवायचे, फटीत फीलर गेजचं पातं घालायचे, काढायचे, परत एकदा ओढायचे. अशी बारा सीलं. कोणी बोलायचं नाही. एरवी हा माणूस हायवेवर पुढच्या गाडीनं सिग्नलला क्षणभर उशीर लावला तर मराठीतून बोलतो. इथे सकाळची दुपार व्हायची, जेवणाचा डबा गार व्हायचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पूजेला बसलेल्या माणसाचं समाधान असायचं. विमान नीट उडत होतं तेव्हा हे इतके खुशीत होते का, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, “छे! तेव्हा नुसते उडत होते.”

संध्याकाळी परतताना साडूभाऊ गावातली गोष्ट सांगायचे. डेटन हे राइट बंधूंचं गाव. त्यांचं सायकलचं दुकान इथलंच, पुढे हेन्री फोर्डनं ते उचलून मिशिगनमध्ये नेलं आणि साडूभाऊंनी त्याला अजून माफ केलेलं नाही. विमानाला इंजिन पाहिजे म्हणून राइट बंधूंनी कंपन्यांना पत्रं लिहिली. मनासारखं कोणी देईना. तेव्हा दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर यानं ते बांधलं. त्याचा इंजिनांचा आधीचा अनुभव म्हणजे एकदा एका मोटारीचं दुरुस्त करायचा प्रयत्न, बस. लेथ, ड्रिल आणि कागदावरच्या कच्च्या आकृत्या यांवर त्यानं सहा आठवड्यांत इंजिन उभं केलं. १९०३ च्या फेब्रुवारीत चाचणी घेताना गळलेल्या पेट्रोलनं बेअरिंग अडकलं आणि ॲल्युमिनियमचा क्रँककेस फुटला. नवा ओतून आणला, एप्रिल उजाडला, इंजिन परत बांधलं. त्याच डिसेंबरच्या १७ तारखेला सुमारे बारा अश्वशक्तीचं ते इंजिन उडालं. चौथ्या उड्डाणानंतर जमिनीवर उभं असलेलं विमान वाऱ्यानं उलथवलं आणि इंजिन पुन्हा मोडलं. “म्हणजे बघा,” साडूभाऊ म्हणायचे, “जगातलं पहिलं विमान घरगुतीच, आणि त्याचं इंजिन उडायच्या आधीच एकदा खोलून झालेलं.” ही गोष्ट ताई घरात असेल तेव्हा जरा मोठ्यानं सांगितली जायची.

बांधणीच्या दिवशी व्हॅसलीनचा उलगडा झाला. रबरी कड्या खोबणीत उभ्या राहत नाहीत, कोपऱ्यांची सीलं स्प्रिंगच्या जोरावर उडी मारतात. ती जागच्या जागी धरायला बोटावर घेऊन व्हॅसलीन लावायचं. इंजिन पहिल्यांदा तापलं की ते वितळून, जळून निघून जातं. मागे काही ठेवत नाही. खणावर खण चढत गेला. पुढच्या बाजूला एक सुयांचं थ्रस्ट बेअरिंग असतं, ते शाफ्ट जरा हलला की खाली सरकतं आणि वरचा बोल्ट आवळताना चिमटतं; म्हणून तो बोल्ट बसेपर्यंत इंजिन उभंच ठेवतात आणि आसपास कोणाला शिंकू देत नाहीत. मग डायल गेज लावून शाफ्ट पुढेमागे ढकलून पाहिला. ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर खेळ पाहिजे. काटा दोन्हींच्या मधे थांबला. साडूभाऊंनी परत ढकललं. परत तिथेच. त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं आणि मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘समाधानकारक’. हा शब्द मी नोकरीत हजारदा लिहिला असेन, बहुतेकदा समोरची वस्तू न पाहता.

इंजिन विमानात चढलं, नळ्या जोडल्या, क्लिपा सगळ्या नव्या. मग इंजिनाची मूळ वही बाहेर निघाली. साडूभाऊंनी तारीख टाकली, किती तास चाललेलं असताना खोललं ते लिहिलं, काय काय बदललं ते लिहिलं, आणि सही केली. सवयीनं माझी नजर सहीच्या खाली गेली. खाली रेघ नाही, ‘तपासले’ नाही, ‘मंजूर’ नाही. कोरा कागद. त्यांना म्हटलं, “भाऊसाहेब, निदान बाबांची तरी एक घ्यायची.” ते म्हणाले, “बाबा कुठे बसणारेत त्यात?”

पहिल्यांदा चालू झालं तेव्हा इतका पांढरा धूर निघाला की शेजारचा हँगर दिसेना. जळतंय ते व्हॅसलीन आणि बांधताना चोपडलेलं तेल, हे मला माहीत होतं, तरी बायकोनं माझा दंड धरला. हळूहळू धूर ओसरला, आवाज सुटा सुटा होता तो एकसंध झाला, आणि साडूभाऊंनी मान कलती करून बराच वेळ ऐकलं. मग बंद केलं, बॅटरी घेऊन खाली वाकले, एका क्लिपपाशी बोट लावलं, बोटाचा वास घेतला, क्लिप अर्धा फेरा आवळली आणि वहीत आणखी एक ओळ लिहून तिच्याखाली परत सही केली.

पुढचे दिवस ते एकटेच उडत होते, धावपट्टीच्या वर घिरट्या घालत. कायद्यानं इतकं करायची गरज नव्हती म्हणे, पण सही स्वतःची असली की माणूस कायद्यापेक्षा कडक होतो. मग एका शनिवारी चहाच्या वेळी ते म्हणाले, “साडूभाऊ, आता तुम्ही चला. राइट बंधू जिथे विमान उडवायचे ते कुरण वरून दाखवतो. रजिस्टर तुम्हीच ठेवलंय, तुमचा हक्क आहे.” प्रस्ताव तत्त्वतः चांगला असून त्यावर साधकबाधक विचार होणं आवश्यक आहे, असं काहीतरी मी बोलायला लागलो होतो. बायकोनं कप खाली ठेवला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “यांना वर न्यायचं असेल तर त्या वहीत खाली माझी सही लागेल.”

साडूभाऊंनी निमूटपणे वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिनं चष्मा लावला, पहिल्या पानापासून वाचायला घेतली, आणि दुसऱ्याच पानावर थांबून विचारलं, “ही पहिली नळी लावली होती कोणी?”